कृपया ही भगर खाऊ नका

पहिला फोन आला तेव्हा अफशीन डबा खात होती. शुक्रवार होता, विजया एकादशीचा. उपवासाच्या दिवशी ग्राहकांचे फोन जास्त येतात, पण ते बहुतेक दुकान कुठे, भाव काय, राजगिऱ्याचं पीठ संपलं का, असले. तिने घास गिळला आणि फोन उचलला.

"चांदणवेल फूड्स, नमस्कार."

"तुमच्या भगरीत काय आहे?" पलीकडची बाई एकदम म्हणाली. "सासूबाईंनी सकाळी खाल्ली. तेव्हापासून उलट्या थांबत नाहीयेत. आणि आता हात कापताहेत त्यांचे. पाण्याचा पेला धरता येत नाहीये."

अफशीनने तिचं नाव विचारलं. चैताली, कोथरूडहून. पाकिटावरचा बॅच नंबर विचारला. तो वाचताना चैतालीचा आवाज चढला. "नंबर घेऊन काय करणार आहात तुम्ही? करायचं काय ते सांगा ना!"

"डॉक्टरांकडे न्या त्यांना, ताई. आत्ता लगेच. पाकीट बरोबर ठेवा."

फोन ठेवला आणि पुन्हा वाजला. धनकवडीहून एक गृहस्थ, नवराबायको दोघांनाही गरगरतंय. मग पुन्हा कोथरूड. मग हडपसर. प्रत्येकाला तिने बॅच नंबर विचारला आणि प्रत्येक वेळी तोच आला. चौथ्या वेळी तो ऐकायच्या आधीच तिने लिहून ठेवला.

बिबवेवाडीतल्या त्या गल्लीत चांदणवेलचा कारखाना होता. खाली गिरणी आणि पॅकिंग, वर ऑफिस, मागे पत्र्याचं गोदाम. उपवासाचे पदार्थ हाच धंदा. अफशीनचे अब्बा शमशुद्दीन अत्तार आणि तात्याराव गायकवाड या दोघांनी तो उभा केला होता. तरुणपणी दोघं मार्केट यार्डात एकाच गाळ्यावर कामाला होते, अब्बा तोलाईला आणि तात्याराव हमालीला. आता येरवड्याहून तात्याराव रोज सकाळी बसने यायचे आणि अब्बांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे. पाकिटावर चंद्र होता, वेल होती, कारखान्याचा पत्ता होता. मालकांचं नाव कुठे नव्हतं. मुद्दाम नव्हतं असं नाही, आणि अगदी सहज राहून गेलं होतं असंही नाही.

अफशीन जिना उतरून खाली गेली. तिचा मोठा भाऊ तालिब पॅकिंग मशीनपाशी उभा होता. कारखाना आता तोच बघायचा. तिने त्याच्या कानाशी जाऊन बॅच नंबर सांगितला, काय झालंय ते सांगितलं. त्याने हात लांब करून मशीन बंद केलं. कामाच्या वेळेत इतकी शांतता त्या जागेत तिने कधी ऐकली नव्हती. बायका हातातली पाकिटं घेऊन तशाच बघत राहिल्या.

"भाई, काय आहे त्या लॉटमध्ये?"

तो तिला गोदामाच्या दारापाशी घेऊन गेला. "मागे अवकाळी झाला होता ना," तो हळू आवाजात म्हणाला. "पत्र्यातून पाणी आलं होतं. खालच्या थरातली पोती भिजली. वाळवली होती आपण, चांगली उन्हात पसरून. वास नव्हता, रंग नव्हता, काही नव्हतं."

"मला कुणी बोललं नाही."

"बोलण्यासारखं काय होतं? वाळली होती."

ओल लागलेल्या भगरीला बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष धुऊन जात नाही, भाजून जात नाही. हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तालिबलाही होतं. त्याच्या ओठांवर पांढुरकी कोरड दिसत होती.

"अफ्शू," तो म्हणाला, "परवा महाशिवरात्र आहे."

तेच तिच्याही मनात होतं. एकादशी करणारे करतात, पण शिवरात्र सगळं गाव करतं. भगर आधीच लोकांच्या डब्यांत जाऊन बसली होती.

संध्याकाळपर्यंत तालिबने वितरकांना फोन करून दुकानांतला माल उचलायला सांगितला. तात्याराव स्वतः अन्न खात्याच्या कचेरीत जाऊन लेखी कळवून आले. अब्बा नमाजहून आले ते थेट गोदामात गेले, रिकाम्या फळ्यांवर हात फिरवून आले आणि खुर्चीत बसले. त्यानंतर माधव केतकर आला.

माधवचा धंदा असा, की कंपन्या अडचणीत आल्या की लोकांशी काय बोलायचं ते तो सांगायचा. तालिबची त्याची एका प्रदर्शनात ओळख झाली होती. सभ्य माणूस होता. आल्याबरोबर त्याने आधी विचारलं, "आजारी किती आहेत? कुणी गंभीर आहे का?" मग लॅपटॉप उघडला.

"माल उचललात, खात्याला कळवलंत, उत्तम. आता निवेदन. छोटं. गोदामाचं काही लिहायचं नाही."

"का?" अफशीनने विचारलं.

"कारण लिहिलं की कबुली होते. प्रयोगशाळेचा अहवाल अजून यायचाय. तोवर 'खबरदारीचा उपाय' म्हणायचं. खोटं काही लिहायचं नाही, फक्त जास्तीचं लिहायचं नाही."

त्याने लिहिलं ते मोठ्याने वाचलं. ग्राहकहिताला सर्वोच्च प्राधान्य देत चांदणवेल फूड्स आपल्या भगर या उत्पादनाची ठरावीक पाकिटे खबरदारीचा उपाय म्हणून परत घेत आहे. घाबरण्याचे कोणतेही कारण नाही. सहकार्याबद्दल आभार.

"आणि खाली नाव कुणाचं?" तालिबने विचारलं.

विचारताना तालिबने अब्बांकडे पाहिलं नाही, तात्यारावांकडेही नाही. तो माधवला म्हणाला, "उपवासाची भगर. शिवरात्रीच्या तोंडावर. आणि कारखाना अत्तारांचा. पुढचं वाक्य मी बोलू का?"

"नका बोलू," माधव म्हणाला. "मला कळलं. नाव कुणाचंच नाही. 'व्यवस्थापन' एवढंच. निवेदनाला चेहरा नसला की दगड मारायला काही सापडत नाही."

सगळ्यांच्या खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखं झालं. अफशीनलाही हायसं वाटलं. तिनेच ते निवेदन कंपनीच्या पानावर टाकलं.

घरी तिने जेवताना अम्मीला काही सांगितलं नाही. पण रशीदाला कळायला शब्द लागत नसत. तिने दोघा मुलांच्या ताटांकडे पाहिलं, शमशुद्दीनच्या न मोडलेल्या भाकरीकडे पाहिलं, उठली आणि दाराला कडी घातली. रोज ती झोपताना घालायची.

शनिवारी सकाळी निवेदनाखाली कुणीतरी अंगठा आणि गुलाबाचं फूल टाकलं होतं. एकाने विचारलं होतं, म्हणजे नवीन पॅकिंग येतंय का? बाकी सामसूम. अफशीनने घरी आणलेला कंपनीचा फोन सुरू केला आणि तो वाजला.

"मी चंद्रभागा शेलार बोलतेय, अप्पर इंदिरानगरातून," एक म्हातारा, खणखणीत आवाज म्हणाला. "तुमचं ते पत्रक नातीने वाचून दाखवलं. मला एक सांगा, उद्या आमच्या देवळात भगर आणि दाण्याची आमटी आहे प्रसादाला. सगळी गल्ली जेवते. तुमची पिशवीभर पाकिटं आणून ठेवलीत मी. चालतील ना?"

"नाही आजी. नाही. ती वापरू नका."

"मग असं का लिहिलंय, की घाबरायचं कारण नाही? मी म्हटलं कारण नाही तर नाही. कालच भिजत घालणार होते थोडी, बघायला."

अफशीनने कालचं निवेदन उघडून ते वाक्य पुन्हा वाचलं.

"ऐकताय का बाई? खायची का नाही खायची, एवढं लिहायला काय दगड होता हातावर?"

"खायची नाही," अफशीन म्हणाली. "आजी, कुणालाच देऊ नका. बाजूला काढून ठेवा, कुणाच्या हाती लागणार नाही अशी."

फोन ठेवल्यावर तिने मेसेज पाहिले. एक चैतालीचा होता. *आईंना आयसीयूत हलवलं. त्यांचं हृदय आधीच कमजोर आहे. डॉक्टर विचारताहेत भगरीत नेमकं काय होतं. तुम्ही लिहिलंय घाबरण्याचं कारण नाही. मी घाबरलेय.*

अफशीन गॅलरीत गेली. खाली गल्लीत भाजीची गाडी उभी होती, बायका मेथी निवडून घेत होत्या, रताळ्यांचा ढीग होता. उद्याची तयारी. तिने चैतालीला फोन लावला.

"डॉक्टरांना सांगा, बुरशी असणार. आमच्या गोदामात पाणी शिरलं होतं. पोती भिजली होती, ती भगर वाळवून पाकिटांत भरली. दुसरं काही नाही, औषध नाही, कीटकनाशक नाही. बुरशीचं विष. सांगा त्यांना."

पलीकडे दवाखान्यातला आवाज येत होता, कुणाला तरी नावाने हाक मारत होते.

"तुम्हाला हे काल माहीत होतं?" चैतालीने विचारलं.

"हो."

फोन बंद झाला.

अफशीन ऑफिसात आली तेव्हा अब्बा, तात्याराव, तालिब आणि माधव तिथे होते. चैतालीला काय सांगितलं ते तिने त्यांना सांगितलं. तालिब टेबलावर हात आपटून उभा राहिला. "कुणाला विचारून? अफशीन, कुणाला विचारून? उद्या ते रेकॉर्डिंग कोर्टात वाजेल!"

"वाजू दे. भाई, लोकांना पत्रकाचा अर्थच लागत नाहीये. देवळात भगर शिजणार होती उद्या. एका म्हातारीने फोन केला म्हणून कळलं. फोन न करणाऱ्या किती असतील?"

"मग दुसरं पत्रक काढू. कडक शब्दांत."

"पत्रक कोण वाचतं? कुणीतरी तोंडाने सांगायला हवं. व्हिडिओ. आणि कारण सांगायला हवं. आपण नाही सांगितलं तर लोक सांगतील, आणि ते काय सांगतील ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

माधवने लॅपटॉप मिटला. "त्या बोलताहेत ते बरोबर आहे," तो म्हणाला. "मी काल चुकलो. वकील मला शिव्या घालतील, पण बरोबर आहे."

"मग तुम्ही बोला," तालिब लगेच म्हणाला. "केतकर म्हणून. कंपनीच्या वतीने."

"बोलेन की. पण लोक विचारणार, मालक कुठे आहेत? आणि मालक माझ्या मागे लपले होते असं उद्या निघालं, तर मी काय, ब्रह्मदेव आला तरी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

तालिबची नजर तात्यारावांकडे गेली. "काका, तुम्ही? तुम्ही पण मालकच आहात."

तात्यारावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "माझी ना नाही," ते म्हणाले. "पण तू मला का विचारतोस ते मला कळतं. माझं नाव गायकवाड, म्हणून ढाल होईल असं तुला वाटतं. अरे, घरात बाबासाहेबांचा फोटो आहे माझ्या. छप्पन सालापासून आमच्याकडे उपास कुणी धरला नाही. हे त्यांना शोधायला किती वेळ लागेल? मग म्हणतील, एक तसला आणि एक असला, दोघांनी मिळून केलं. तुझी ढाल कागदाची आहे, पोरा."

मग अब्बा म्हणाले, "मी बोलतो. नाव माझं, माल माझा."

ते उठले, शर्ट सारखा केला आणि खिडकीजवळ उजेडात जाऊन उभे राहिले. अफशीनने फोन उचलला. फोनच्या चौकटीत त्यांची पांढरी दाढी दिसली, डोक्यावरची विणलेली टोपी दिसली.

"अब्बा," तालिब म्हणाला. "टोपी... टोपी तेवढी काढा."

अब्बांचा हात टोपीकडे गेला. त्यांनी ती काढलीही. टोपीखाली केस विरळ झाले होते, कपाळावर टोपीचा वळ होता. ते मुलाकडे रागाने बघत नव्हते. ते घाबरले होते, आणि आपण घाबरलोय हे मुलांना दिसतंय याने जास्त घाबरले होते. तात्याराव उठले, मित्राच्या हातातून टोपी घेऊन त्यांनी ती परत त्याच्या डोक्यावर ठेवली. "बस खाली, शमशू," ते म्हणाले.

"मी बोलते," अफशीन म्हणाली.

"नाही," तालिब म्हणाला.

"फोनवर दोन दिवस मीच बोलतेय, भाई. लोकांनी माझाच आवाज ऐकलाय."

माधवने फोन धरला. तात्याराव तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. कुणी सांगितलं नव्हतं. अफशीनने समोर पाकीट धरलं, बॅच नंबरवर बोट ठेवलं.

"नमस्कार. मी अफशीन अत्तार. चांदणवेल फूड्स माझ्या वडिलांचा आणि तात्याराव गायकवाड यांचा कारखाना आहे. कृपया या नंबरची भगर खाऊ नका. उद्या शिवरात्रीला तर अजिबात नको. धुऊन, भाजून, शिजवूनही नको. आमच्या गोदामात पावसाचं पाणी शिरलं होतं आणि भिजलेली भगर आम्ही वाळवून विकली. तिला बुरशी असावी. ही आमची चूक आहे. काही माणसं आजारी आहेत, एक आजी दवाखान्यात आहेत. कुणी खाल्ली असेल आणि उलट्या, चक्कर, कापरं असं काही होत असेल, तर घरी थांबू नका, दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना 'भगर' हा शब्द सांगा. पाकिटं कारखान्यावर आणून द्या किंवा कचऱ्यात टाका, गाईलाही घालू नका. हा माझा नंबर आहे."

माधवने विचारलं, पुन्हा घ्यायचं का? ती नको म्हणाली. पुन्हा बोलायची हिंमत झाली नसती.

व्हिडिओ दुपारी गेला. पहिला तासभर फोन चांगले आले. सोसायट्यांच्या ग्रुपांवर लोक तो पुढे पाठवत होते. चैतालीने स्वतः तिच्या ग्रुपवर टाकला होता, वर एक शब्दही न लिहिता. एका किराणावाल्याने सांगितलं, गिऱ्हाइकं पाकिटं परत घेऊन येताहेत, गल्ल्याशेजारी ढीग लागलाय. एका बाईने फोन करून नुसतं "वाचवलंस गं" म्हटलं आणि ठेवून दिला.

मग दुसरे फोन सुरू झाले. पहिल्याने काहीच न बोलता श्वास ऐकवला. दुसऱ्याने तिचं पूर्ण नाव विचारलं, ती सांगायच्या आत स्वतःच म्हणाला आणि हसला. संध्याकाळी तात्यारावांच्या मुलाने, धम्मदीपने, एक व्हिडिओ पाठवला. तोच व्हिडिओ होता, पण कापलेला. "मी अफशीन अत्तार... भगर... शिवरात्रीला... आम्ही विकली." पाण्याचं वाक्य नव्हतं. 'ही आमची चूक आहे' हेही वाक्य नव्हतं. वर लाल अक्षरांत मजकूर होता, तो तिने एकदा वाचला. खाली कुणीतरी घराचा पत्ता टाकला होता. मजला बरोबर होता.

रशीदाने तिच्या हातातून फोन घेतला, पाहिला आणि पदराने पुसून परत दिला, जणू त्यावर काही सांडलं होतं. "तुझं नाव कशाला घेतलंस?" एवढंच ती म्हणाली. "माझ्या पोटात होतीस तेव्हापासून मी ते सांभाळतेय."

तालिब पोलीस ठाण्यात गेला. तिथल्या साहेबांनी तक्रार घेतली, गाडी फिरत राहील म्हणाले, आणि जाता जाता म्हणाले, "आजचा उद्याचा दिवस घरी नका राहू. सांगतोय ते ऐका." त्यामुळे रात्र व्हायच्या आतच अत्तारांचं कुटुंब घराला कुलूप लावून येरवड्यात तात्यारावांच्या दोन खोल्यांत आलं. तात्यारावांच्या सूनबाईने, निकिताने, पिठलं टाकलं. कुणी धड जेवलं नाही. गल्लीत मोटारसायकल थांबली की सगळ्यांचे घास थांबत आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू होत. अब्बा भिंतीला टेकून बसले होते. मध्येच म्हणाले, "तात्या, तुझ्या घरावर संकट आणलं मी." तात्याराव म्हणाले, "भिजलेली पोती मी पण पाहिली होती, शमशू. मीच म्हणालो होतो, ऊन कडक आहे, वाळेल."

अफशीनला दोन गोष्टींची भीती होती, आणि रात्रभर त्यांची अदलाबदल होत राहिली. एक, की लोक आपल्याला शोधत येतील. दुसरी, की ज्यांच्यापर्यंत व्हिडिओ पोचलाच नाही अशा कुणाच्या तरी घरी सकाळी भगर शिजायला पडेल. तिला वाटलं होतं, खरं बोलल्यावर यातली एक तरी कमी होईल.

सकाळी ती कारखान्यावर जायला निघाली. तालिबने वाट अडवली नाही. तोच गाडी काढून उभा होता.

फाटकावर काळा रंग फासला होता. वरच्या ऑफिसच्या काचा फुटल्या होत्या, तुकडे गल्लीत पसरले होते. पोलिसांची गाडी कोपऱ्यावर होती आणि दोन शिपाई चहा पीत होते. फाटकासमोर माणसं उभी होती. अफशीन गाडीपाशीच थांबली. मग तिला त्यांच्या हातांतल्या पिशव्या दिसल्या. लोक पाकिटं परत करायला आले होते.

तालिबने पॅकिंगचं टेबल बाहेर ओढलं. ती मागे उभी राहून पाकिटं घेऊ लागली. काही जण तिच्याकडे बघायचं टाळत होते, काही नको इतकं बघत होते. एक गृहस्थ पाकीट टेबलावर ठेवून म्हणाले, "पैसे परत नकोत. पत्र्याला डांबर लावा." आणि निघून गेले.

रांगेत एक ठेंगणी म्हातारी आली, पिशवी दोन्ही हातांनी धरून. पिशवी टेबलावर आपटली.

"मी शेलार. काल फोन केला होता."

"आजी, तुमचे—"

"आभारबिभार नकोत. आमच्या गल्लीतली पोरं जेवली असती यावर. तुम्ही भिजलेलं धान्य विकलंत, बाई. मालक असून. लाज वाटायला हवी."

"वाटते."

"वाटू दे," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि पिशवी रिकामी करून घडी घालू लागल्या.

तेव्हाच तो मुलगा पुढे आला. विशीतला असेल, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, हातात फोन उंच धरलेला. त्याच्या मागे गाड्यांवर तिघे-चौघे बसले होते. "नाव सांग," तो म्हणाला. "कॅमेऱ्यात बघून पूर्ण नाव सांग."

तालिब पुढे सरकला. अफशीनने त्याची बाही धरली. तिला फोनच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसत होता, बारीक आणि वाकडा.

"अफशीन शमशुद्दीन अत्तार."

"मुद्दाम केलंत ना?"

"नाही. पाणी शिरलं होतं. आमचा हलगर्जीपणा झाला. तुमच्या घरी या नंबरचं पाकीट असेल तर खाऊ नका."

त्याला बहुधा दुसरं काही उत्तर हवं होतं. तो फोन तसाच धरून उभा राहिला. चंद्रभागाबाई घडी घातलेली पिशवी घेऊन दोघांच्या मध्येच उभ्या होत्या, वाटेतून हलायची त्यांना घाई नव्हती. एक शिपाई चहाचा कप ठेवून इकडे येऊ लागला. गाड्यांवरच्या पोरांपैकी एकाने हॉर्न दिला. मुलगा मागे वळला. जाताना म्हणाला, "येतो पुन्हा." ओरडून नव्हे, साधं, शेजाऱ्याला म्हणावं तसं.

तो पुन्हा आला नाही. पण त्यानंतर किती तरी दिवस अफशीन गल्लीत पाऊल टाकण्याआधी दोन्ही टोकं बघायची.

दिवस मावळेपर्यंत पाकिटं येत राहिली. शिवरात्रीला आजारी पडल्याचे फोन आले, पण तिने धास्ती घेतली होती तेवढे नाही. पुढच्या आठवड्यात खात्याने कारखान्याला टाळं लावलं, परवाना थांबवला. अहवालात बुरशीच निघाली. तालिबवर आणि दोन्ही म्हाताऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. अफशीनच्या कबुलीचा व्हिडिओ पुराव्यात लागला, वकिलाने कपाळावर हात मारला. तोच न कापलेला व्हिडिओ पोलिसांनी लाल अक्षरांवाल्यांविरुद्धही वापरला, म्हणून ते पान काही दिवसांनी बंद झालं. पत्ता मात्र ज्यांनी उतरवून घेतला होता त्यांच्याकडे राहिलाच असणार.

चैतालीच्या सासूबाई, राधाबाई, दवाखान्यातून घरी आल्याचं कळल्यावर अफशीन कोथरूडला गेली. दार चैतालीनेच उघडलं, बाहेरचं जाळीचं तसंच ठेवून.

"तक्रार मीच दिलीय," ती आधी म्हणाली. "तुम्ही खरं बोललात म्हणून ती मागे घेणार नाही."

"घेऊ नका. मी त्यासाठी नाही आले."

"मग कशासाठी आलात?"

अफशीनला ते नीट सांगता आलं नाही. वाटेत जुळवलेली वाक्यं त्या जाळीसमोर नुसती पत्रकासारखी वाटली. "त्या कशा आहेत ते बघायचं होतं," ती म्हणाली.

आतून म्हातारा आवाज आला, "कोण आहे गं?"

"भगरवाली," चैताली मान न वळवता म्हणाली.

आत काही हललं, खुर्ची सरकली, आणि भिंतीला धरत धरत राधाबाई दिव्याखाली आल्या. अफशीनने कल्पना केली होती त्याहून लहानखुऱ्या होत्या. त्यांनी जाळीपलीकडून अफशीनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मोबाइलवर मोठी वाटतेस," त्या म्हणाल्या. "एकटी आलीस?"

"हो."

"कशाला आलीस एकटी? चैताली, हिला खाली गाडीपर्यंत सोडून ये. मग तुझं भांडण तू चालू ठेव."

चैतालीने एक उसासा टाकला, जाळी उघडली आणि चपला पायात सरकवल्या. चैताली पुढे झाली आणि दोघी जिना उतरल्या. अफशीनने स्कूटर सुरू केली, हेल्मेट घातलं. वळणावर आरशात बघितलं तेव्हा चैताली अजून फाटकात उभी होती, हाताची घडी घालून, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत.